सल्ला कोणाचा, फायदा कोणाचा?

आज एका चेकची गोष्ट सांगते. चेक होता फक्त १,२०० रुपयांचा, आणि तो आला होता आपल्या महाडला.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्याकडे कोणाला माहीत नाहीत? १९७६ च्या सुमारास ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावायची. त्यावर त्यांनी उपचार शोधला आणि पुढे जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. चेकची गोष्ट मात्र गावात फारशी कोणी सांगत नाही.

डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासणीसाठी बाहेरच्या एका केंद्रात पाठवलं होतं. रुग्णाने तिथे पैसे भरले, तपासणी झाली. मग त्या केंद्राकडून डॉक्टरांच्या नावाने १,२०० रुपयांचा चेक आला. डॉक्टरांनी तपासणी केली नव्हती. त्यांनी फक्त रुग्ण पाठवला होता. त्यांनी तो पैसा ठेवून घेतला नाही. २०१३ साली त्यांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदणीचं आणि शिस्तीचं काम पाहणाऱ्या संस्थेकडे, लेखी तक्रार केली. वर्तमानपत्रांत बातमी आली. एका तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरने ही गोष्ट उघड बोलल्यामुळे देशभर चर्चा झाली.

आता तुम्ही म्हणाल, १,२०० रुपये ते काय! पण ते आले कुठून, ते पाहा. केंद्राने ते पदरचे घातले नव्हते. रुग्णाने भरलेल्या पैशातूनच ते निघाले होते. आणि खरा प्रश्न रकमेचा नाहीच. असा पैसा मिळणार असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टर तपासणी लिहून देताना तुमच्या आजाराकडे पाहील की चेककडे? आजचं बोलणं या प्रश्नावर आहे.

हितसंबंधांची टक्कर म्हणजे काय?

पुस्तकात याला ‘हितसंबंधांचा संघर्ष’ म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या रोजच्या ओळखीची आहे.

समजा, आपल्या गटात बारा जणी आहेत. दोघींनी कर्ज मागितलंय आणि शिल्लक एकीपुरतीच आहे. त्यातली एक अध्यक्षांची सून आहे. आता निवाडा अध्यक्षांनीच करायचा का? अध्यक्षबाई लबाड आहे असं कोणी म्हणत नाही. ती सरळच असेल. पण तिच्या एका खांद्यावर गटाचं भलं आहे आणि दुसऱ्या खांद्यावर घराचं. अशा वेळी माणूस कितीही सरळ असला तरी त्याचा हात नकळत एका बाजूला झुकतो. आणि झुकला नाही तरी बाकीच्या दहा जणींच्या मनात शंका राहतेच.

म्हणून आपण काय करतो? अध्यक्षबाई आधीच सांगते, ‘ही माझी सून आहे, मी यात बोलत नाही.’ निर्णय बाकीच्या घेतात. वर्षाअखेर हिशेब बाहेरचा माणूस तपासतो. आपल्याला वापरायचे उपाय यातच आले. आपलं नातं सांगून टाकणं, निर्णयातून बाजूला होणं आणि तिऱ्हाइताकडून तपासून घेणं. जिथे शक्य असेल तिथे अशी अडचण मुळात येऊच न देणं, हा सगळ्यात चांगला.

ग्रामपंचायतीतही हेच आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात ज्याचा स्वतःचा हिस्सा आहे, त्याला सदस्य राहता येत नाही. रस्ता मंजूर करणारा आणि रस्त्याचा ठेकेदार एकच नको, हे आपल्याला पटतं. मग औषध लिहिणारा आणि औषधाच्या खपावर कमावणारा एकच असेल, तर तिथेही विचारायला नको का?

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही. डॉक्टरांनाही घर आहे, कर्जाचे हप्ते आहेत. कोणी चोर आहे असं आपल्याला म्हणायचं नाही. जिथे एकाच माणसाच्या हातात सल्लाही आहे आणि त्या सल्ल्यातून होणारा फायदाही आहे, तिथे दुसऱ्या कोणाची नजर हवी, एवढंच आपलं म्हणणं आहे.

कट

डॉक्टर मंडळी आपसात याला ‘कट’ म्हणतात. कट प्रॅक्टिस. रुग्ण पाठवणाऱ्याला, तो जिथे पाठवला त्या लॅबने, सोनोग्राफीवाल्याने किंवा मोठ्या दवाखान्याने दिलेला वाटा.

समजा, एका तपासणीचा खरा खर्च आणि वाजवी नफा मिळून २,००० रुपये होतात. पाठवणाऱ्याला ६०० द्यायचे असतील, तर केंद्र ते खिशातून देणार नाही. तपासणी २,६०० ची होईल. हे वरचे ६०० रुपये तुमच्या गटाच्या कर्जातून जातात, गहाण टाकलेल्या डोरल्यातून जातात. हा झाला पैशाचा तोटा. दुसरा तोटा त्याहून मोठा आहे. जी तपासणी लागत नाही ती केली जाते, आणि जिथे तपासणी चांगली होते तिथे न पाठवता जिथे कट जास्त तिथे पाठवलं जातं. सरळ काम करणाऱ्या लॅबकडे मग रुग्ण येत नाहीत. तिने तरी किती दिवस तग धरायचा?

कायदा याला मान्यता देत नाही. डॉक्टरांच्या वर्तनाचे देशभराचे नियम २००२ साली झाले. रुग्ण पाठवल्याबद्दल, शिफारस केल्याबद्दल डॉक्टरने कसलीही भेट, कमिशन किंवा बक्षिसी घ्यायची नाही, द्यायची नाही आणि मागायचीही नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते थांबवले गेले आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली खास कट रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला होता. निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित त्या समितीचे प्रमुख होते. मसुद्याचा लगेच कायदा झाला नाही.

सगळेच डॉक्टर असं करतात का? नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी कितीतरी डॉक्टरांशी बोलून ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ हे पुस्तक केलं. त्यात डॉक्टरांनीच आपल्या व्यवसायातल्या या गोष्टी सांगितल्या आहेत. कट न घेणारा डॉक्टर आजही आहे, आणि त्याला आपण ओळखलं पाहिजे. तो तपासणी लिहून देतो आणि म्हणतो, ‘कुठेही करा, रिपोर्ट आणून दाखवा.’ हे वाक्य ऐकलं की समजा, इथे आपल्याला मोकळीक आहे.

पिशवी काढायचा सल्ला

आता थोडं दूर, मराठवाड्यात जाऊ. गोष्ट तिथली असली तरी दुखणं आपल्या सगळ्या बायांचं आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. त्यांच्यातल्या कितीतरी तरुण बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ साली पुढे आलं. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायांची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांतली वयं अगदी सारखी नाहीत, तरी फरक डोळ्यांत भरावा इतका आहे.

असं का झालं? एका माणसाला दोष देऊन हे कळत नाही. कोणाकोणाचा फायदा कुठे होता, ते पाहावं लागतं. ऊसतोडीला जोडप्याने उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की पैसे कापतात. पाळीच्या दिवसांत काम बुडतं, म्हणून पिशवी नसली तर मुकादमाला बरं. फडावर ना पाणी, ना आडोसा, ना संडास. त्यातून अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं चालूच. बाई त्रासून दवाखान्यात गेली, तर तिथे ऑपरेशन सांगणारा तोच, करणारा तोच आणि बिल घेणाराही तोच. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ एवढं एक वाक्य तिला पुरे होतं. तिच्या बाजूने बोलणारं, ज्याचा यात काही फायदा नाही असं, त्या साखळीत कोणी नव्हतं.

मग उपाय काय केला? खासगी दवाखान्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, असं बीडमध्ये ठरवलं गेलं. म्हणजे तिसऱ्याची नजर. ज्याला ऑपरेशन झालं काय आणि न झालं काय, एक रुपया मिळत नाही, त्याने कागद पाहायचे. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या राज्यांना सांगितलं की, विनाकारण पिशवी काढणं रोखण्यासाठी केंद्राने केलेल्या मार्गदर्शक सूचना लागू करा.

मैत्रिणींनो, कधी कधी पिशवी काढावीच लागते. कॅन्सर असेल, गाठी फार मोठ्या असतील, औषधांनी रक्तस्राव थांबतच नसेल, तर ऑपरेशनने जीव वाचतो. पण नुसतं पांढरं जाणं, पाळी अनियमित होणं, कंबर दुखणं यांवर आधी औषधं असतात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास ऐन तिशीत सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. म्हणून घाईचं नसेल तर दुसरं मत घ्या, आणि ते सरकारी दवाखान्यातून घ्या. तिथल्या डॉक्टरला पगार तेवढाच मिळतो. पगारी माणसालाही आपला ओढा असतो म्हणा, कधी काम टाळण्याचा. पण त्याचा ओढा खासगीच्या उलट्या बाजूला आहे. दोन्हीकडे एकच सल्ला मिळाला, तर तो खरा धरायला हरकत नाही.

आणखी एक. ‘योजनेत बसतंय, तुम्हाला फुकट आहे, करून टाका,’ असं सांगितलं जातं. तुम्हाला फुकट असलं तरी दवाखान्याला योजनेकडून ऑपरेशनमागे पैसे मिळतात. फुकट आहे म्हणून गरज आहे, असं होत नाही.

डॉक्टरांना शिकवतं कोण?

डॉक्टर कॉलेजात शिकून बाहेर पडतो. पण नवी औषधं तर दरवर्षी येत राहतात. ती त्याला कोण सांगतं? बऱ्याचदा औषध कंपनीचा माणूस. दवाखान्यात रुग्णांच्या रांगेबाहेर बॅग घेऊन टाय लावून उभा असतो ना, तो एम. आर. तो येतो, नव्या गोळीचे गुण सांगतो, पेन-कॅलेंडर ठेवून जातो. डॉक्टरांच्या परिषदा भरतात, त्यांचा खर्चही पुष्कळदा कंपन्या उचलतात. जो विकतो तोच शिकवतो. बियाणं विकणाऱ्या दुकानदाराकडूनच कोणतं बियाणं चांगलं ते शिकायचं, तशातला प्रकार.

डिसेंबर २००९ मध्ये नियमांत भर घातली गेली. डॉक्टरने कंपनीकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, हॉटेलचा पाहुणचार घ्यायचा नाही, असं ठरलं. तरी ते थांबलं नाही. एका कंपनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डॉक्टरांना दिलेल्या सोन्याच्या नाण्यांचा, टीव्हीचा, फ्रिजचा, लॅपटॉपचा आणि परिषदांच्या फीचा खर्च कंपनीला आपल्या आयकरातून वजा करून हवा होता! २२ फेब्रुवारी २०२२ ला न्यायालयाने ते नाकारलं. या भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत चढतो आणि तो रुग्णच भरतो, हेही न्यायालयाने दाखवून दिलं. महाडच्या १,२०० रुपयांसारखीच ही गोष्ट आहे, फक्त आकडा मोठा.

शिकवण्यातल्या या अडचणीवर आपल्या देशात एक कडक कायदा आहे, आणि तो आपल्या बाळांसाठी आहे. आईच्या दुधाऐवजी पावडरचं दूध खपावं म्हणून कंपन्या जगभर दवाखान्यांत फुकट डबे वाटायच्या. गरीब घरात ती पावडर दूषित पाण्यात कालवली जायची, डबा पुरावा म्हणून पातळ केली जायची, आणि बाळं जुलाबाने दगावायची. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने याविरुद्ध नियमावली केली. भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो आणखी घट्ट केला. या कंपन्यांना जाहिरात करता येत नाही, आईला फुकट डबा देता येत नाही. डॉक्टर-नर्सना भेट देता येत नाही. डॉक्टरांच्या संघटनेला परिषद, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती किंवा संशोधन यांसाठी पैसाही देता येत नाही. म्हणजे उपचार, शिक्षण आणि संशोधन ही तिन्ही दारं बंद केली. दुकानात पावडरच्या दुधाचा डबा दिसला तर हातात घेऊन पाहा. त्यावर गोंडस बाळाचं किंवा आईचं चित्र छापायला मनाई आहे, आणि आईचं दूधच बाळासाठी सर्वांत चांगलं ही सूचना छापावीच लागते.

संशोधन कोणासाठी?

पुन्हा महाडला येऊ. विंचवाचं विष चढलं की हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. डॉ. बावस्करांनी त्यावर प्राझोसिन नावाची गोळी वापरली. ही काही नवी गोळी नव्हती. रक्तदाबासाठी ती आधीपासून दुकानात होती, स्वस्त होती. तिचा खप वाढवण्यासाठी कोकणातल्या विंचवावर अभ्यास करावा, असं कुठल्याही बड्या कंपनीला वाटलं नसतं. हा आजार भातशेतात राबणाऱ्यांचा. त्यांच्याकडून कमाई ती किती होणार? म्हणून संशोधनाला पैसा कोण देतो, यावर कोणत्या आजाराचा अभ्यास होणार हेही ठरतं, एवढं लक्षात घ्या.

पुढे विंचवाच्या विषावरची लस आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर गुण लवकर येतो का, याचाही अभ्यास महाडला झाला आणि २०११ साली इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय मासिकात छापून आला. अशा मासिकांत लेखाच्या शेवटी एक ओळ असते. पैसा कोणी दिला, आणि लिहिणाऱ्याचं कोणाशी देणंघेणं आहे का, ते तिथे सांगावंच लागतं. आपल्या नियमांतही २००९ पासून आहे की, कंपनीच्या पैशाने संशोधन करायचं तर पैसा कोणाचा आणि किती, हे सुरुवातीलाच जाहीर करायचं.

कंपनीचा पैसा असला म्हणजे निष्कर्ष खोटाच, असं नाही. नवी औषधं पुष्कळदा कंपन्यांच्या पैशानेच तयार होतात. पण मग राखणदार वेगळा हवा. तो नसला की काय होतं, हे २००९-१० मध्ये दिसलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या बडोद्यात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस एका अभ्यासात दिली गेली. अभ्यास एका अमेरिकन संस्थेचा, लस कंपन्यांनी फुकट दिलेली. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर ओरड झाली आणि काम थांबवलं गेलं. चौकशीत त्या मृत्यूंना लस कारणीभूत असल्याचं आढळलं नाही. पण २०१३ साली संसदेच्या समितीने संमती घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. ज्या सरकारी संशोधन परिषदेने राखण करायची, तीच प्रकल्पात सामील होती, असाही ठपका ठेवला.

ही लस वाईट आहे असा याचा अर्थ घेऊ नका. तो कॅन्सर रोखायला ती उपयोगी आहे. वाईट होतं ते न विचारता देणं, आणि पाहणाऱ्यानेच भागीदार होणं.

आता नियम कडक झाले आहेत. २०१९ च्या नियमांप्रमाणे माणसांवर औषधाची चाचणी करायची तर आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. तिचा अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा लागतो. निम्मे सदस्य बाहेरचे हवेत, एक तरी बाई हवी, आणि डॉक्टर नसलेला एक सामान्य माणूसही हवा. ज्याचा त्या चाचणीत स्वार्थ आहे त्या सदस्याने निर्णयातून बाजूला व्हायचं. आपल्या गटातल्या अध्यक्षबाईसारखंच!

आपल्या दारातलं

दुसऱ्यांना विचारतो, तर स्वतःलाही विचारू या. गटाकडे माणसं येतात. ‘आमची ताकदीची पावडर विका, डब्यामागे कमिशन देतो.’ ‘आमच्या दवाखान्याचं मोफत शिबिर भरवा, बायका जमवा, गटाला देणगी देतो.’ आता शेजारीण आपल्याला विचारते, ‘अगं, ही पावडर घेऊ का? या शिबिराला जाऊ का?’ तिला सल्ला देणारी आपण, आणि पैसे मिळणारीही आपणच. महाडला आलेला चेक आता आपल्या नावाने आला की!

शिबिरं वाईट नसतात. डोळ्यांच्या शिबिराने कितीतरी म्हाताऱ्या माणसांना दिसायला लागलंय. पण आधी विचारा. खर्च कोण करतंय? दोष निघाला तर पुढे कुठे पाठवणार? दुसरीकडे गेलं तर चालेल का? आणि देणगी घेतली असेल तर ती गटाच्या बैठकीत, वहीत, सगळ्यांसमोर सांगा.

आशाताईंना दवाखान्यातल्या बाळंतपणामागे सरकार मोबदला देतं, मग तोही कटच का, असं कोणी विचारेल. फरक ऐका. तो मोबदला सरकारच्या कागदावर जाहीर आहे, आणि तुमच्या बिलात चढत नाही. कट लपलेला असतो, देणारा आपल्या फायद्यासाठी देतो, आणि भरता तुम्ही.

काय विचारायचं, काय करायचं

आता कामाच्या गोष्टी. वहीत लिहून ठेवा.

तपासणी किंवा ऑपरेशन सांगितलं की शांतपणे विचारा. ‘डॉक्टर, हे केलं नाही तर काय होईल? आधी औषध घेऊन पाहता येईल का? किती दिवस थांबलं तर चालेल?’ हा उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर न चिडता सांगतो.

तपासणी कुठेही करायचा आणि औषध कुठूनही घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. दुसरं मत घ्यायचाही हक्क आहे. रुग्णहक्कांच्या सनदेत हे लिहिलेलं आहे. ‘आमच्याच मेडिकलमधून घ्या’ ही सक्ती चालत नाही. चिठ्ठीवरचं औषध मूळ नावाने, जेनेरिकमध्ये मिळेल का, तेही डॉक्टरांना विचारा.

कागद मागा. रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, बिल. मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची, असा नियम आहे. कागदांशिवाय दुसरा डॉक्टर मत देऊ शकत नाही आणि तक्रारही टिकत नाही.

सहीचा कागद कोरा नको. लिहिलंय काय ते मराठीत वाचून घ्या. संशोधनासाठी सही मागत असतील तर नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटल्याने नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

गैरप्रकार दिसला तर डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. एकटीने धजावत नसेल तर ग्रामसंघातून करा. तक्रारीत शिव्या-आरोप नकोत. तारीख, रक्कम, कागद, एवढंच लिहा. डॉ. बावस्करांच्या तक्रारीत वजन होतं, कारण हातात चेक होता.

आणि हे सर्वांत आधी ध्यानात ठेवा. साप किंवा विंचू चावला, छातीत कळ आली, बाळंतपणात रक्त थांबेना, लकव्याचा झटका आला, तर दुसरं मत, तिसरं मत काही नाही. जवळचा दवाखाना गाठा. प्रश्न विचारायला सवड असते ती ठरवून करायच्या ऑपरेशनला आणि तपासण्यांना.

पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा. प्रत्येकीने गेल्या वर्षभरात घरात झालेल्या तपासण्या आणि ऑपरेशनं आठवावीत. कुठे पाठवलं, किती लागले, कोणी सांगितलं, ते वहीत उतरवा. कोणाचं नाव खराब करण्यासाठी नव्हे. एकाच तपासणीला कोणी किती भरले हे बारा जणींनी समोरासमोर ठेवलं, की पुढच्या वेळी घरातलं माणूस घेऊन घाट उतरताना कुठे जायचं आणि काय विचारायचं ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल.

भेटू पुढच्या वेळी. तब्येत सांभाळा. नमस्कार.